थकलेल्या एलीयाला देवदूताने काय दिले?

चहा-कॉफी, संयम आणि खरी ताकद : घरी मिळून वाचण्यासाठी एक पाठ

वाचने : १ राजे १९:१-८, मार्क ६:३०-३२, १ करिंथ ६:१२, १९-२०





या पाठाची सुरुवात आमच्याच एका फजितीने करतो. एका गुड फ्रायडेला आम्ही ठरवले की आज सकाळपासून पाण्याशिवाय काहीच घ्यायचे नाही, चहासुद्धा नाही. अकरा वाजेपर्यंत सारे ठीक होते. बारानंतर डोके जड झाले. तीन वाजता विधी सुरू होताना आम्ही वेदीपुढे पालथे पडलो, तेव्हा कपाळावर कुणी पट्टा आवळावा तसे डोके ठणकत होते. मनात विचार आला की प्रभूच्या काट्यांच्या मुकुटाचा थोडासा वाटा आज आपल्यालाही मिळतो आहे. मोठे धन्य वाटले. सगळे आटोपल्यावर संध्याकाळी कपभर चहा घेतला आणि अर्ध्या तासात डोके उतरले. तेव्हा खरी गोष्ट ध्यानात आली. काट्यांचा मुकुट वगैरे काही नव्हते. रोजच्या सात-आठ कपांची तल्लफ होती ती!

आधी हसू आले, मग थोडी लाज वाटली. देवासाठी एक दिवस मोकळा ठेवायला निघालो आणि कळले की आपण मोकळे नव्हतोच. तेव्हापासून हा विषय मनात आहे. तुमच्याशी बोलताना जाणवते की तुमच्यापैकी पुष्कळांची गत आमच्यासारखीच आहे. कुणी पिरंगुटच्या कारखान्यात रात्रपाळी करतो, कुणी हिंजवडीला संगणकापुढे बसतो, कुणी पहाटे चारला उठून डबे करते, कुणी बारावीच्या अभ्यासाला जागतो. थकवा सगळ्यांना आहे आणि औषध सगळ्यांचे एकच, ‘जरा चहा टाक.’ म्हणून आज या कपाकडे श्रद्धेच्या आणि आरोग्याच्या दृष्टीने नीट पाहू या.

१. चहा हे पाप नव्हे

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाच्या जिवाला घोर नको. या बाबतीत आपल्या पुण्याचा एक जुना किस्सा प्रसिद्ध आहे. ऑक्टोबर १८९० मध्ये पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये एक व्याख्यान झाले. ते मिशन अँग्लिकन पंथाचे होते, आपले कॅथलिक नव्हे. शहरातली बडी मंडळी आली होती, त्यांत न्यायमूर्ती रानडे आणि लोकमान्य टिळकही होते. व्याख्यानानंतर चहा-बिस्किटे पुढे आली. कुणी चहा घेतला, कुणी कप नुसताच पुढे ठेवून घेतला. हा बेत जमवून आणणारे गोपाळराव जोशी, म्हणजे डॉ. आनंदीबाई जोशी यांचे पती. त्यांनी हजर असलेल्यांची नावे ‘पुणे वैभव’ या पत्रात छापून आणली आणि शहरात एकच गदारोळ उडाला. मिशनऱ्यांच्या हातचा चहा घेतला म्हणून बहिष्काराची भाषा सुरू झाली. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, चौकशी बसली, प्रायश्चित्ताची वेळ आली. टिळकांनी आपण काशीत प्रायश्चित्त घेतल्याचे सांगितले. रानड्यांनी १८९२ मध्ये प्रायश्चित्त घेतले, तेव्हा त्यांच्याच सुधारक मित्रांनी त्यांना दोष दिला. एका कपाने एवढे रामायण घडवले!

त्या वेळी प्रश्न होता, चहा कुणाच्या हातचा? आपल्या प्रभूने या प्रश्नाचे उत्तर फार पूर्वी देऊन ठेवले आहे. मार्कच्या शुभवर्तमानातला सातवा अध्याय वाचा. बाहेरून पोटात जाणारे माणसाला विटाळत नाही, त्याच्या अंतःकरणातून बाहेर येते तेच विटाळते, असे येशू तेथे शिकवतो. कॉफीविषयीही अशीच एक आख्यायिका सांगतात. काही लोकांनी कॉफीला सैतानाचे पेय ठरवून पोप आठवे क्लेमेंट (१५९२-१६०५) यांच्याकडे तक्रार नेली. पोपमहोदयांनी ती चाखली, त्यांना ती आवडली आणि त्यांनी तिला आशीर्वाद देऊन टाकला. गोष्ट खरी असो वा नसो, तिच्यातला भाव ख्रिस्ती आहे. देवाने निर्माण केलेली वस्तू मुळात चांगलीच असते.

मग प्रश्न उरतो तो असा : आज आपला चहा कुणाच्या हातचा, हे कुणी विचारत नाही, पण आपण कुणाच्या हातात आहोत? संत पौल करिंथ येथील भाविकांना सांगतो त्याचा आशय असा की मला पुष्कळ गोष्टींची मोकळीक आहे, पण मी कोणत्याही गोष्टीच्या ताब्यात जाणार नाही (१ करिंथ ६:१२). हीच आपली कसोटी. ‘चालते का?’ एवढे विचारून भागत नाही. ‘त्याच्यावाचून माझे चालते का?’ हेही विचारावे लागते.

२. कप पोटात गेल्यावर काय होते?

चहा, कॉफी, कोला आणि ‘एनर्जी ड्रिंक’ या सगळ्यांत कॅफिन नावाचे एक द्रव्य असते. डोकेदुखीच्या काही गोळ्यांतही ते असते. ते कसे काम करते हे समजून घेण्यासारखे आहे.

आपण जागे असतो तेव्हा मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य हळूहळू साठत जाते. जसजसे ते साठते तसतशी मरगळ येते. ‘आता थांब, विसावा घे’ असा तो शरीराचा निरोप असतो. हा निरोप मेंदूतल्या ज्या दारांतून आत जातो, त्याच दारांत कॅफिन जाऊन बसते. निरोप बाहेरच अडतो आणि आपल्याला तरतरी वाटते. पण थकवा गेलेला नसतो, तो दाराबाहेर उभाच असतो. मोटारसायकलच्या पेट्रोलच्या काट्यावर कागद चिकटवला म्हणून टाकी भरत नाही. चहाचेही तसेच. त्यात जी थोडी शक्ती मिळते ती साखरेची आणि दुधाची, चहाच्या पानांची नव्हे.

दुसरी गोष्ट. कॅफिन शरीरातून लवकर जात नाही. साधारण पाच तासांनी ते अर्धे उरते. काहींना कमी वेळ लागतो, काहींना जास्त आणि गरोदरपणात तर फारच जास्त. म्हणजे संध्याकाळी सहाच्या कपातले निम्मे कॅफिन रात्री अकराला आपल्याबरोबर अंथरुणात असते. अमेरिकेत २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी ४०० मिलिग्रॅम कॅफिन देऊन पाहिले, तेव्हा लोकांची झोप तासाभराहून अधिक कमी झाली. मात्रा मोठी होती हे खरे. पण मुद्दा ध्यानात घ्यावा. ‘मला चहाने काही होत नाही, मी पिऊन लगेच झोपतो’ असे म्हणणारा झोपतो खरा, पण त्याची झोप पोकळ होते. मग सकाळी उठल्यावर अंग जड, म्हणून दोन कप. दुपारी डोळे मिटतात, म्हणून आणखी एक. असे हे रहाटगाडगे फिरत राहते.

तिसरी गोष्ट आमच्या गुड फ्रायडेची. रोजच्या सवयीचे कॅफिन अचानक बंद केले तर १२ ते २४ तासांत डोके दुखू लागते, चिडचिड होते, कामात मन लागत नाही. दुसऱ्या दिवशी हा त्रास बहुधा सर्वांत जास्त असतो आणि दोन दिवसांपासून नऊ दिवसांपर्यंत तो रेंगाळतो. म्हणून उपवासकाळात ‘आजपासून चहा बंद’ असा राखेच्या बुधवारी एकदम निश्चय करणारे शुक्रवारपर्यंत घरच्यांवर ओरडू लागतात. त्यागाचे पुण्य बाजूला राहते आणि बायको-मुलांना मात्र प्रायश्चित्त घडते!

३. किती म्हणजे पुष्कळ?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वतीने २०२४ मध्ये आहाराविषयीची मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत दिलेला हिशेब असा आहे. १५० मिलिलीटरच्या एका कपात

- चहा असेल तर ३० ते ६५ मिलिग्रॅम कॅफिन,
- झटपट कॉफी असेल तर ५० ते ६५ मिलिग्रॅम,
- उकळून वा गाळून केलेली कॉफी असेल तर ८० ते १२० मिलिग्रॅम.

दिवसाला एकूण ३०० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये असे ती तत्त्वे सांगतात. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी ४०० मिलिग्रॅमची आणि गरोदर स्त्रियांसाठी २०० मिलिग्रॅमची मर्यादा सांगितली. आता आपापले कप मोजा. टपरीवरचा ‘कटिंग’ छोटा असतो हे खरे, पण घरचा मोठा कप आणि कचेरीतल्या यंत्राची कॉफी धरली की सात-आठ कपांवाले मर्यादा कधीच ओलांडून गेलेले असतात.

कॅफिनच्या जोडीला साखर येते. एका कपात दोन लहान चमचे साखर धरली तर आठ-दहा ग्रॅम होतात. पाच कपांत चाळीस-पन्नास ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ मध्ये सांगितले की वरून घातलेली साखर दिवसाला सुमारे ५० ग्रॅमच्या आत असावी आणि २५ ग्रॅमच्या आत असली तर अधिक चांगले. म्हणजे लाडू-पेढ्याला हातही न लावता केवळ चहात मर्यादा संपली.

आणखी एक नुकसान आपल्या घरांतल्या स्त्रियांचे होते. चहातले टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आपल्या देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आढळले. आपण पालेभाजी खातो, सरकारी लोहाच्या गोळ्याही घेतो आणि वरून लगेच चहा पितो! म्हणून जेवणाच्या तासभर आधी आणि तासभर नंतर चहा-कॉफी घेऊ नये, असे वरील तत्त्वे बजावून सांगतात. लोहाची गोळी चहाबरोबर कधीच घेऊ नये. उलट जेवणात लिंबाची फोड किंवा आवळा असला तर लोह अधिक शोषले जाते. महात्मा गांधींनी १९४२ मध्ये आगाखान पॅलेसच्या बंदिवासात आरोग्यावर एक छोटे पुस्तक लिहिले, त्यातही पाने उकळून उतरणाऱ्या या टॅनिनबद्दल त्यांनी तक्रार केली आहे. पुण्यात बसून चहाविरुद्ध लिहिणे ही हिंमतीचीच गोष्ट म्हणायची!

तर मग नेमके किती कप? गुरुकुलात आम्हांला ॲरिस्टॉटल शिकवला गेला, त्याचा येथे उपयोग होतो. सद्गुण म्हणजे दोन टोकांमधला मध्य, असे तो म्हणतो. पण हा मध्य गणितातला नाही. तो मायलो या पहिलवानाचे उदाहरण देतो. दहा शेर अन्न फार आणि दोन शेर थोडे, म्हणून सर्वांना सहा शेर वाढा, असे होत नाही. पहिलवानाला सहा कमी पडतील, नव्याने तालमीत आलेल्याला ते जास्त होतील. मध्य हा त्या त्या माणसाचा असतो. चहाचेही तसेच. रात्रपाळीच्या तरुणाचा मध्य वेगळा, रक्तदाब असलेल्या आजोबांचा वेगळा, गरोदर सुनेचा वेगळा. आणि शाळकरी मुलाचा मध्य? तो शून्य. सकाळी मुलांना चहा-चपाती देऊन शाळेत पाठवायची आपल्याकडे जुनी रीत आहे. माउल्यांनो, ती कृपा करून बदला. त्या कपाऐवजी नुसते दूध द्या, नसेल तर पाणी द्या, पण चहा नको.

‘एनर्जी ड्रिंक’विषयी तर कळकळीने सांगतो. अशा पेयांत लिटरला ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन घालण्यास आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या २०१६ च्या नियमांनी मुभा दिली आणि त्याच नियमांनी लहान मुले, गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया आणि कॅफिन न सोसणाऱ्या व्यक्ती यांच्यासाठी ते योग्य नाही, असा इशारा डब्यावर छापणे बंधनकारक केले. पण तो बारीक अक्षरांत असतो आणि परीक्षेच्या रात्री तो कोण वाचतो? एक आई आपल्या मुलाला आमच्याकडे प्रार्थनेसाठी घेऊन आली होती. मुलाच्या छातीत धडधड, हातांना कंप, रात्र रात्र झोप नाही. घरच्यांना वाटले, कुणाची नजर लागली. आम्ही डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली आणि डॉक्टरांकडेही पाठवले. डॉक्टरांनी पहिलाच प्रश्न केला, ‘रात्री काय पितोस?’ रोज दोन-तीन डबे, वर कॉफी. डबे सुटले, झोप आली, धडधड थांबली. नजर लागली होती ती गुणांच्या शर्यतीची आणि ती लावण्यात आपण सगळे मोठे सामील होतो.

४. देवदूताने काय केले?

आता आपल्या मुख्य वाचनाकडे येऊ. ‘ब’ वर्षी सामान्यकाळातील १९व्या रविवारी आपण हे वाचन ऐकतो.

एलीया संदेष्टा थकला होता. साधासुधा थकवा नव्हे. कार्मेल डोंगरावर त्याने मोठा विजय मिळवला होता आणि त्यानंतर लगेच इजबेल राणीने त्याच्या जिवावर उठण्याची शपथ घेतली. तो पळाला. रानात दिवसभराची वाट चालून एका रतामाच्या झुडपाखाली बसला आणि ‘देवा, आता पुरे, माझा प्राण घे’ अशा अर्थाचे बोलून झोपी गेला.

देवाने काय केले? रागावला नाही. ‘ऊठ, अजून काम पडले आहे’ म्हणून हाकलले नाही. उपदेशही केला नाही. त्याने देवदूत पाठवला. देवदूताने एलीयाला हात लावून उठवले आणि खायला सांगितले. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर होती आणि पाण्याचा चंबू होता. एलीयाने खाल्ले, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला. देवदूताने त्याला पुन्हा झोपू दिले! मग दुसऱ्यांदा उठवून खायला घातले, कारण पुढची वाट त्याला झेपण्यासारखी नव्हती. त्या अन्नाच्या बळावर तो ४० दिवस आणि ४० रात्री चालत होरेब या देवाच्या डोंगरापर्यंत गेला. देवाचा मंजुळ आवाज त्याने ऐकला तो त्यानंतर.

क्रम पाहा. झोप, स्पर्श, भाकर, पाणी, पुन्हा झोप, पुन्हा अन्न, मग चालणे आणि मग देवाचा शब्द. आपण हा क्रम उलटा करतो. भाकरीच्या जागी बिस्किट, पाण्याच्या जागी चहा, झोपेच्या जागी आणखी एक चहा, आणि मग तक्रार की प्रार्थनेत मन लागत नाही, देवाचा आवाज ऐकू येत नाही.

येशूनेही हेच केले. शिष्य कामावरून परत आले, लोकांची एवढी वर्दळ की जेवायलाही सवड मिळेना. तेव्हा येशूने त्यांना एकांतात चलून थोडा विसावा घ्यायला सांगितले (मार्क ६:३१). तारवात उशीवर डोके ठेवून तो स्वतः वादळातही झोपला होता (मार्क ४:३८). आपल्या संत थॉमस अक्वायनसनेही दुःख-शिणावरच्या उपायांत अश्रू, मित्रांचा सहवास आणि सत्याचे चिंतन यांच्या पंक्तीत झोप आणि स्नान यांना बसवले आहे. एवढा थोर तत्त्वज्ञ, पण ‘आंघोळ कर आणि झोप’ हा आजीचा सल्ला त्याला हलका वाटला नाही.

झोपणे हीसुद्धा श्रद्धेची कृती आहे. १२७वे स्तोत्र पहाटेपासून रात्रीपर्यंत राबणाऱ्याला हेच समजावते. दिवा मालवणारा माणूस कबूल करतो की जग मी चालवत नाही, देव चालवतो.

५. चहावर दिवस काढणारी माणसे

येथे थोडे थांबू या, कारण सांगायचा खरा मुद्दा हा आहे. चहा अनेकांचा शौक असतो, तर काहींची गरज असते. चहाने भूक मरते. आपल्या भुकूम-भूगाव परिसरात गेल्या काही वर्षांत उंच उंच सोसायट्या उभ्या राहिल्या. त्या बांधणारा मजूर, त्यांच्या दाराशी बारा तास उभा असलेला पहारेकरी, चार घरची धुणीभांडी करणारी ताई, यांच्याकडे पाहा. सकाळी रिकाम्या पोटी एक चहा, अकराला एका घरी चहा-बिस्किट, एकला दुसऱ्या घरी चहा, आणि जेवण थेट चार वाजता, घरी गेल्यावर. आपण कप पुढे करतो आणि आपल्याला वाटते की आपण मोठी माणुसकी दाखवली. कपाची माणुसकी खोटी नव्हे. पण त्या ताईला कपापेक्षा भाकरीची आणि दहा मिनिटे बसण्याची गरज आहे.

शब्बाथाची आज्ञा देताना देवाने केवळ मालकाला विसावा दिला नाही. दास, दासी, बैल, गाढव आणि दारी आलेला परका यांनाही त्याने त्या आज्ञेत नावाने घातले (अनुवाद ५:१४). पोप तेरावे लिओ यांनी १८९१ च्या त्यांच्या प्रसिद्ध परिपत्रकात कामगारांच्या विसाव्याचा हक्क ठामपणे मांडला, तो याच आज्ञेच्या आधारावर. तेव्हा आपला संयम आपल्याच तब्येतीपाशी संपू नये. आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाला आपण काय खायला घालतो, किती बसू देतो, सुट्टी देतो की नाही, हेही त्यात येते. आणि तुमच्यापैकी जे स्वतः असे राबतात त्यांना आमचे सांगणे : चहावर भूक मारू नका. पदराला चार शेंगदाणे, गुळाचा खडा, एक भाकरी बांधून निघा. तुमचे शरीरही पवित्र आत्म्याचे मंदिर आहे. मालकाचे घर झाडताना देवाचे घर उपाशी ठेवू नका.

६. मग करायचे काय?

आम्ही स्वतः करून पाहिलेल्या आणि डॉक्टर मंडळींना विचारून घेतलेल्या काही गोष्टी सांगतो.

१) आधी मोजा. एक आठवडा दर कपाला कॅलेंडरवर एक रेघ मारा. आमचा आकडा पाहून आम्हीच चपापलो.

२) एकदम सोडू नका. तीन-चार दिवसांनी एक कप कमी करा, किंवा कप तेवढेच ठेवून अर्धेच भरा. साखरही अशीच चमच्या-चमच्याने उतरवा. जीभ महिन्याभरात नव्या चवीला रुळते.

३) दुपारी दोन-तीननंतरचा चहा टाळा. संध्याकाळी गरम काही हवेच असेल तर गवती चहा, आले, तुळस घालून पाण्याचा काढा घ्या. त्यात चहापूड नको. गवती चहाला नाव चहाचे असले तरी त्यात कॅफिन नसते.

४) सकाळी उठल्यावर प्रथम पाणी. पुष्कळदा आपण ज्याला थकवा म्हणतो ती तहान असते.

५) न्याहारी पोटभर करा. आपल्या मुळशीच्या उतारांवर नाचणी पिकते. तिची आंबील किंवा भाकरी सकाळी पोटात असली की अकराच्या चहाची आठवणही होत नाही. सातूचे पीठ, फुटाणे, मोडाची मटकी, एखादे केळे, उन्हाळ्यात ताक, पन्हे, कोकम सरबत, हे सारे आपल्या आजीच्या घरचेच आहे. मात्र गूळही साखरेचाच भाऊ, हे मधुमेहींनी विसरू नये.

६) दुपारी डोळे मिटत असतील तर शक्य असेल तेव्हा वीस मिनिटे पडा. त्याहून लांब झोप रात्रीची झोप खाते. रात्रपाळीवाल्यांनी पाळीच्या सुरुवातीला चहा घ्यावा, शेवटी घेऊ नये. नाहीतर सकाळी घरी आल्यावर झोप लागत नाही. डोळ्यांवर झोप असताना चहाच्या भरवशावर पौड रस्त्याने गाडी चालवू नका. बाजूला थांबा, थोडे झोपा. घरचे वाट पाहतील, पण तुम्ही पोहोचाल.

७) सकाळच्या उन्हात अर्धा तास चाला. टेकड्या आपल्या दाराशी आहेत, त्यांना तिकीट नाही.

८) दिवसातून तीनदा थांबा. सकाळ, दुपार, संध्याकाळ अशी आंजेलुसची घंटा आपल्या वाडवडिलांना हात थांबवायला लावत असे. कामातला विसावा चहानेच होतो असे नाही. दोन मिनिटे उभे राहून मरियेचे स्मरण केले तरी तो होतो.

९) एवढे करूनही थकवा जात नसेल तर डॉक्टरांना दाखवा. रक्त कमी असणे, थायरॉईड, मधुमेह, झोपेत श्वास अडणे, मनाची खिन्नता, अशी अनेक कारणे कपाआड लपून राहतात. आजार लपवणे म्हणजे सहनशीलता नव्हे.

१०) आणि पाहुणचाराविषयी. पूर्वी आपल्याकडे पाहुणा आला की गूळ-पाणी पुढे येई. घरोघरी आशीर्वादासाठी फिरताना एका दिवसात अकरा कप आमच्या पोटात गेलेले आहेत, कारण ‘फादर, अर्धा कप तरी!’ या आग्रहापुढे कुणाचे चालते? यापुढे आम्हांला पाणी दिले तरी तेवढाच आनंद होईल. तुम्हीही एकमेकांना नाही म्हणण्याची मोकळीक द्या. प्रेम कपात नसते, दार उघडण्यात असते.

७. मिस्सेपूर्वीचा कप

पुष्कळजण विचारतात, ‘फादर, मिस्सेला येण्यापूर्वी चहा चालतो का?’ आईच्या आईला विचाराल तर ती सांगेल की तिच्या काळी मध्यरात्रीपासून पाणीही घेत नसत. १९५३ मध्ये पोप बारावे पायस यांनी पाण्याची मोकळीक दिली, १९५७ मध्ये उपवास तीन तासांवर आणला आणि १९६४ मध्ये पोप सहावे पॉल यांनी तो एका तासावर आणला. आजचा नियम असा की ख्रिस्तप्रसाद घेण्याच्या किमान एक तास आधी अन्न व पेय घेऊ नये. पाणी व औषध चालते. वृद्ध, आजारी आणि त्यांची शुश्रूषा करणारे यांना यातून सूट आहे. म्हणजे देवळाच्या वाटेवर टपरीवर घेतलेला चहा उपवास मोडतो, घरून पिऊन आलेले पाणी मोडत नाही.

एवढासा तास, पण त्यात मोठे शिक्षण आहे. आठवड्यातून एकदा तरी आपण आपल्या तल्लफेला सांगतो, ‘थांब, आधी प्रभू.’ एलीयाला मिळालेली भाकर ज्या भाकरीची खूण होती, ती वेदीवर आपल्याला मिळते. पुढची वाट आपल्यालाही झेपण्यासारखी नाही. म्हणून तो स्वतः आपले अन्न होतो.

घरी बोलण्यासाठी प्रश्न

- आपल्या घरी रोज एकूण किती कप होतात? त्यांतले किती आवडीचे आणि किती नाइलाजाचे?
- आपल्या घरात सर्वांत कमी झोप कुणाला मिळते? बाकीच्यांनी कोणते काम उचलले तर तिला किंवा त्याला तासभर जास्त मिळेल?
- आपल्याकडे कामाला येणाऱ्या माणसाने आज काय खाल्ले, हे आपल्याला ठाऊक आहे का?
- माझा थकवा शरीराचा आहे की मनाचा? ‘आता पुरे’ असे मी देवाला कधी सांगितले आहे का?

प्रार्थना

हे प्रभू, झुडपाखाली निजलेल्या तुझ्या संदेष्ट्याला तू रागावला नाहीस, खाऊ घातलेस. आम्ही थकलो आहोत हे तुझ्यापुढे कबूल करण्याची लाज आम्हांला वाटू देऊ नकोस. खाण्यापिण्यात आम्हांला संयम दे, रात्री निवांत झोप दे, सकाळी तुझी आठवण दे. आमच्या दारी राबणाऱ्यांच्या भुकेकडे आमचे डोळे उघड. आणि आमच्या वाटेच्या शेवटी, तुझ्या डोंगरावर, तुझा मंजुळ आवाज आम्हांला ऐकू येऊ दे. आमेन.

ता. क. : आजपासून मिस्सेनंतरच्या टेबलावर चहाच्या किटलीशेजारी लिंबू सरबताचे पातेलेही असेल. चहा बंद केलेला नाही, तेव्हा कुणी रागावू नये. आम्ही स्वतः सरबताच्या बाजूला उभे राहू. चुकून किटलीकडे सरकताना दिसलो तर हक्काने हटकावे.

तुमचे धर्मगुरू